सावलीची वाटणी

महाभारताच्या अनुशासनपर्वात जमदग्नी आणि रेणुका यांची एक कथा आहे. माहूर आणि सौंदत्ती ही दोन्ही रेणुकास्थाने आपल्या प्रदेशाला जवळची असल्यामुळे रेणुकेच्या इतर कथा आमच्या वाचकांस मुखोद्गत असतील. ही मात्र फारशी सांगितली जात नाही. छत्री आणि पादत्राणे दान देण्याची चाल कोणी पाडली, असा युधिष्ठिराचा प्रश्न असून त्याच्या उत्तरादाखल भीष्म ती सांगतात. जमदग्नी धनुष्यातून बाण सोडण्याचा खेळ खेळत होते आणि सुटलेले बाण वेचून आणण्याचे काम रेणुकेकडे होते. ज्येष्ठ महिना, मध्यान्हीची वेळ. डोके आणि पाय भाजू लागले म्हणून रेणुका क्षणभर एका झाडाखाली थांबली आणि पतीच्या शापाच्या भयाने पुन्हा धावली. उशीर का झाला, असे ऋषींनी विचारले तेव्हा तिने कारण सांगितले. जमदग्नींनी रागाने सूर्यावरच बाण रोखला. सूर्य ब्राह्मणवेषाने त्यांच्यापुढे आला आणि अखेर छत्री व जोडा देऊन त्याने आपली सुटका करून घेतली.

ही कथा आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुले सूर्याच्या शरणागतीवर खूश होतात. आमचे लक्ष मात्र अलीकडे दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. ऊन त्या दिवशी दोघांवरही पडत होते. धावण्याचे काम एकटीकडे होते. पुढे ऋषी सूर्यावर रागावले, पण बाण सोडण्याचा खेळ ज्येष्ठातल्या भर दुपारी मांडला कोणी, हा प्रश्न कथेत कोणी विचारीत नाही.

उन्हाळ्याचा इतिहास लिहावयाचा तर तो उष्णतामानाच्या तक्त्यांवरून लिहिता येणार नाही, असे आमचे मत आहे. ऊन हे निसर्गाचे, परंतु सावली, वारा आणि थंड पाणी ही फार प्राचीन काळापासून माणसांनी आपापसात वाटून घेतलेली वस्तू आहे. आपल्या पूर्वजांना याची जाणीव नव्हती असे नाही. अक्षय्य तृतीयेस उदककुंभ, छत्री, जोडा आणि पंखा यांचे दान सांगितले आहे; चैत्र लागताच पाणपोया बसतात; आमच्या हैदराबादेत तेलुगू बंधू त्यांस चलिवेंद्रम म्हणतात. उन्हात कोणाला काय कमी पडते, याची ती नेमकी यादी आहे. तथापि दान हे देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते आणि घेणाऱ्याने दुपारी बाहेर का असावे, याची चौकशी दानधर्मात बसत नाही.

अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत बादशहाच्या आबदारखान्याचे वर्णन आहे. सोऱ्याच्या साहाय्याने पाणी थंड करण्याची रीत तीत सांगितली आहे. १५८६ च्या सुमारास दरबार लाहोरकडे गेल्यावर उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ येऊ लागला. तो नावांतून, गाड्यांतून आणि माणसांच्या खांद्यांवरून येई. उन्हाळ्यात सर्व दर्जाचे लोक बर्फ वापरतात आणि अमीर-उमराव तो बाराही महिने वापरतात, असे ग्रंथकार लिहितो. हे वाक्य वाचून आम्हांस प्रथम मोठा संतोष वाटला. मग त्याच ग्रंथातले भाव पाहिले. बर्फ रुपयास दोन ते तीन शेर. रुपयाचे दाम चाळीस. आणि सर्वांत खालच्या प्रतीच्या मजुराची मजुरी दिवसास दोन दाम. म्हणजे एक शेर बर्फासाठी त्याने आठवड्याची, कधी त्याहूनही अधिक दिवसांची मजुरी मोजावयास हवी. ‘सर्व दर्जाचे लोक’ या शब्दांत कोण कोण येत नव्हते, हे अबुल फजलने स्वतःच्याच पुस्तकात, दुसऱ्या एका प्रकरणात, नोंदवून ठेवले आहे.

इंग्रजी अमदानीत या वाटणीला अधिक रेखीव रूप आले. १८२८ मध्ये माल्कमने महाबळेश्वरी वसाहत वसवली. १८३३ च्या मे महिन्यात ‘टस्कनी’ नावाचे जहाज बोस्टनहून तळ्यांतला सुमारे १८० टन बर्फ भरून निघाले आणि सप्टेंबरात कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा त्यातला शंभरएक टन शिल्लक होता. पुढे मुंबई आणि मद्रास येथेही बर्फघरे झाली. मद्रासचे १८४२ चे बर्फघर आजही उभे आहे आणि १८९७ मध्ये स्वामी विवेकानंदांचा मुक्काम तेथे झाल्यामुळे त्यांच्या नावाने ओळखले जाते. अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून भुशात गुंडाळलेला बर्फ कोणासाठी येत होता, हे सांगावयास नको. १८६४ पासून हिंदुस्थान सरकार दर उन्हाळ्यात सिमल्यास जाऊ लागले. संस्थानिकांनीही तोच कित्ता गिरवला. ग्वाल्हेरचा दरबार उन्हाळ्यात शिवपुरीस जाई.

मात्र मधल्या काळात एक प्रसंग असा घडला की, त्यात ऊन हे दुर्बळाच्या बाजूने लढले. १८५८ चा उन्हाळा. झाशी पडल्यावर सर ह्यू रोज काल्पीच्या रोखाने निघाला. ७ मे रोजी कूंच येथे लढाई झाली. गोऱ्या पलटणींतले शिपाई गोळ्यांनी पडले त्यापेक्षा उन्हाने अधिक हैराण झाले, कित्येक जागीच मेले. स्वतः रोजलाही त्या दिवशी अनेकदा भोवळ आली आणि औषध घेऊन तो पुन्हा घोड्यावर बसला. तात्या टोपे आणि रावसाहेब यांच्या पक्षाला हे वर्म पुरते कळले होते. गोरे उन्हात लढले की मरतात किंवा इस्पितळात जातात, म्हणून सकाळी दहाच्या आधी त्यांच्यावर हल्ला करू नये, अशा आशयाचा एक हुकूम रोजच्या हाती लागला आणि त्याने तो आपल्या खलित्यात नमूद केला. दहा वाजेपर्यंत थांबा, पुढचे काम सूर्य करील! १८५७ च्या इतिहासात तलवारीची वर्णने पुष्कळ येतात. या घड्याळाच्या हुकुमाकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. उन्हाने पडलेल्या गोऱ्या शिपायांस डोल्यांत घालून नेणारे भोई त्याच उन्हात, डोक्यावर फडके बांधून, चालत होते. त्यांच्यातले किती पडले याची गणती कोणत्याही खलित्यात येत नाही.

सरकारने मात्र या अनुभवातून धडा घेतला. हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या राजमंडळाचा अहवाल १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे त्यामागील परिश्रम सर्वविश्रुत आहेत. गोऱ्या शिपायांत वर्षास हजारी ६९ मृत्यू होतात, असे त्यात निघाले. यातले बहुतेक ज्वर, हगवण आणि पटकी यांचे होते. परंतु राहण्याची जागा, हवा, पाणी आणि दुपारची कवाईत यांचा मृत्यूशी संबंध असतो, हे त्या अहवालाने एकदा सरकारदरबारी मान्य करविले. मग उंच छताच्या आणि रुंद व्हरांड्यांच्या बराकी झाल्या, उन्हाच्या वेळा सोडून कवाईती होऊ लागल्या, डोंगरांवर आजारी शिपायांसाठी ठाणी झाली आणि बराकींत पंखे आले. उष्म्याने माणूस मरतो, त्याची मोजदाद करता येते आणि इमारत व वेळापत्रक बदलून ते मरण टाळता येते, एवढे ज्ञान या देशातील राज्यकर्त्यांस दीडशे वर्षांपूर्वीच झालेले होते. ते ज्ञान ज्यांना लागू केले त्यांची संख्या मात्र फार थोडी होती.

आणि हे पंखे कोण ओढीत असे? आमची शाळा ज्या जुन्या इमारतीत भरते तिच्या मोठ्या दालनाच्या भिंतीला, दाराच्या वरच्या अंगास, एक भोक आहे. दरवर्षी नवी मुले त्याविषयी विचारतात. छतापासून टांगलेल्या झालरीच्या पंख्याची दोरी त्यातून बाहेर व्हरांड्यात जाई आणि तेथे बसलेला माणूस ती तासन्‌तास ओढी. आत वारा, बाहेर झळ; मध्ये एक दोरी. त्या काळच्या साहेबमेमसाहेबांच्या आठवणींची पुस्तके वाचावीत, तर पंखेवाल्याविषयी एकच तक्रार सर्वत्र आढळते, ती म्हणजे तो झोपतो. रात्री त्याला उठवण्यासाठी बूट फेकून मारल्याच्या हकिगती विनोद म्हणून सांगितल्या आहेत. तो का झोपत असावा, याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारणारा भिस्तीही असाच बाहेर उभा असे. विजेचे पंखे आले आणि पंखेवाल्याची जात नाहीशी झाली. आमच्या भिंतीतल्या भोकातून आता विजेची तार आत येते.

तो धंदा संपला ही चांगलीच गोष्ट झाली. पण आतल्याचा गारवा बाहेरच्याच्या उष्म्यावर पोसला जातो, ही व्यवस्था संपली काय? वातानुकूलन यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही. ती खोलीतून उचलून भिंतीबाहेर टाकते. ज्या बोळाकडे त्या यंत्राचे तोंड असते तेथे कोणाची तरी खाट असते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कूलर किंवा वातानुकूलन यंत्र असलेली घरे देशात चारांतून सुमारे एकच आढळली. उरलेल्या तिघांची रात्र कशी जाते, हे ज्याने मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत मुक्काम केला असेल त्यालाच सांगता येईल. दिवसभर तापलेला पत्रा वा सिमेंटचा पातळ स्लॅब सूर्यास्तानंतर आपली उष्णता खाली सोडू लागतो. वैद्यकाचे म्हणणे असे की, शरीर दिवसाचा ताप सोसू शकते. पण रात्री त्याला उसंत मिळाली पाहिजे. घाम येतो, तो वाळतो, त्याने अंग निवते. हवा दमट असली किंवा अंगातले पाणीच संपले, की ही युक्ती थकते. हृदय आणि मूत्रपिंडे यांवर भार पडतो आणि शरीराचे तपमान चाळीस अंशांपलीकडे गेले की शुद्ध हरपते. म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि उन्हात राबणारे हे तिघे प्रथम बळी पडतात. त्यातल्या तिसऱ्याला घरी बसण्याचा सल्ला देणे सोपे आहे; त्या दिवशीची मजुरी त्याला कोण देणार? २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने असा अंदाज केला की, २०३० मध्ये भारतातील कामाच्या एकूण तासांपैकी ५.८ टक्के तास उष्म्यापायी वाया जातील, म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लक्ष माणसांच्या पुऱ्या कामाइतके. हे तास बहुतांशी शेतात आणि बांधकामावर राबणाऱ्यांचे आहेत. कचेरीत बसणाऱ्यांचे नव्हेत.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. उष्मा केवळ गरिबालाच मारतो असे नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्ससारख्या संपन्न देशात सुमारे पंधरा हजार माणसे दगावली, आणि त्यांतली पुष्कळ वृद्ध, एकटी राहणारी होती. १९९५ च्या जुलैत अमेरिकेतील शिकागो शहरात नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू अधिक झाले. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने पुढे या घटनेचा अभ्यास करताना शेजारशेजारच्या दोन वस्त्या निवडल्या. दोन्ही गरीब, दोन्हींत एकाकी वृद्ध पुष्कळ. पण एकीत लाखामागे चाळीस मेले आणि दुसरीत चार. जिच्यात चार मेले त्या वस्तीत दुकाने चालू होती, रस्ते गजबजलेले होते, म्हातारी माणसे घराबाहेर पडून गार दुकानात जाऊन बसू शकत होती. पहिलीत घरे ओस पडलेली, रस्ते भयाण आणि दारे आतून बंद. आम्हांस हे उदाहरण फार महत्त्वाचे वाटते. दारिद्र्य सारखे असूनही मरण सारखे नव्हते. जाऊन बसावयास जागा आणि विचारपूस करणारे माणूस यांनी फरक पडला.

मोजदादीचा प्रश्न उरतोच. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. उष्माघात म्हणून नोंदलेले मृत्यू थोडे होते. परंतु संशोधकांनी पुढे त्या महिन्यातले सर्व मृत्यू मागच्या वर्षांच्या त्याच महिन्याशी ताडून पाहिले, तेव्हा १३४४ मृत्यू अधिक निघाले. त्याच उन्हाळ्यात तेथील एका महानगरपालिका रुग्णालयात नवजात अर्भके उष्म्याने आजारी पडू लागली. त्यांचा विभाग सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली होता. तो खाली हलवल्यावर असे रुग्ण कमी झाले. १८६३ च्या अहवालातले बराकीचे ज्ञान गरिबाच्या बाळापर्यंत यावयास सुमारे दीड शतक लागले! २०१३ मध्ये त्या शहराने उष्म्याच्या लाटेसाठी कृतियोजना आखली. आधी इशारा, पाणी, दवाखान्यांची तयारी, गच्च्यांना पांढरा चुना अशी साधीच तिची कलमे. दक्षिण आशियात अशी ती पहिली होती, आणि मग इतरांनी तिचे अनुकरण केले.

आमच्याकडे २०१५ चा मे महिना कोणी विसरणार नाही. त्या उन्हाळ्यात देशात सुमारे अडीच हजार माणसे गेली, त्यांतली बहुतेक आंध्र आणि तेलंगणातली. हे आकडे येथेच इतके मोठे का, यावर तेव्हा वाद झाला. ऊन येथे तीव्र, हे तर खरेच. पण येथे मृताच्या कुटुंबास मदत देण्याची पद्धत असल्यामुळे तहसीलदार, वैद्यकीय अधिकारी आणि पोलीस अधिकारी मिळून मृत्यूची तपासणी करीत आणि त्यामुळे नोंद होत असे, हेही एक कारण आहे. जेथे नोंदीला किंमत नाही तेथे मरणही नोंदले जात नाही. २०२५ च्या एप्रिलात तेलंगण सरकारने उष्माघात ही राज्याची आपत्ती म्हणून जाहीर केली आणि मदतीची रक्कम चार लक्ष रुपये केली.

आमच्या शाळेतल्या एका मुलाचे वडील सेंट्रिंगच्या कामावर होते. काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ते दुपारी कामावरून आले, रात्री अंग फणफणले आणि पहाटे गेले. ज्या दवाखान्यात त्यांना नेले तेथल्या कागदावर हृदयक्रिया बंद पडल्याचे लिहिले होते. हृदयक्रिया बंद पडल्यावाचून कोणी मरत नाही, हे त्या कुटुंबाच्या वतीने कोणी सांगावयास गेले नाही. जूनमध्ये मुलगा शाळा सोडल्याचा दाखला मागावयास आला. दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना असतो. आम्ही तो भरला : घरगुती अडचण. सही केली, शिक्का मारला. दवाखान्यातल्या त्या कागदाला आम्ही मनातल्या मनात पुष्कळ दोष दिला होता. आमच्या हातचा कागद त्याहून वेगळा नव्हता, हे ध्यानात यावयास आम्हांस बरेच दिवस लागले. तो दाखला आता परत मागवता येत नाही.

मार्चच्या मध्यापासून येथे अर्ध्या दिवसाच्या शाळा सुरू होतात. सकाळी आठ ते साडेबारा. मुलांना उन्हाचा त्रास होऊ नये, हा हेतू. साडेबारास जेवण करून मुले निघतात, म्हणजे ऊन ऐन माथ्यावर असताना. ज्यांच्या घरी पंखा आणि पक्के छत आहे, ज्यांना न्यावयास कोणी गाडी घेऊन येते, त्यांना ही सोयच आहे. इतरांना आम्ही जाड भिंतींच्या, उंच छताच्या इमारतीतून काढून पत्र्याच्या खोलीत पाठवतो. अनेक वर्षे आम्ही ही घंटा बिनदिक्कत वाजवली. दोन वर्षांपूर्वी आठवीतली काही मुले घंटेनंतर त्या जुन्या दालनात नुसतीच बसलेली दिसली. अभ्यास करता काय, असे विचारले तर एकजण खरे बोलला : “नाही सर, इथे गार वाटतं.”

तेव्हापासून ते दालन चारपर्यंत उघडे ठेवतो. रांजण भरलेला असतो. कोणी वाचतात, कोणी कॅरम खेळतात, लहान मुले तर सरळ फरशीवर झोपतात. कधी त्यांच्या घरची एखादी आजीही येऊन बसते. तिला आम्ही कोण म्हणून विचारीत नाही. पहिल्या वर्षी हे सर्व सुरळीत चालले असे आम्ही समजत होतो. एप्रिलच्या अखेरीस आमचे शिपाई दारात येऊन उभे राहिले. माणूस वयाने आमच्याहून थोडा मोठा, पहाटे येऊन शाळा झाडणारा. दालन उघडे म्हणजे त्यांचीही सुटी चारास, आणि मग उन्हातून दोन बस बदलून घर. “सर,” ते म्हणाले, “मुलं बसतात ते चांगलंच आहे. पण माझं काय ते एकदा सांगा.”

आम्ही त्यांना साडेबारास जावयास सांगितले. यंदा शिक्षकांच्या पाळ्या लावल्या आहेत; पहिला आठवडा आमचा.